थोरलीकडे, भर पावसात

२० जुलै, रविवार

बापूने गाडी ठरवली. मला विचारून नाही, फोटो पाठवून. पांढरी, लांबलचक, आत पलंग, शेगडी, बेसिन, आणि कोपऱ्यात म्हणे संडाससुद्धा. मागच्या काचेवर मोठ्या अक्षरांत ‘मनसोक्त भटका’. फोन केला तर म्हणतो, “आक्का, आता मोडता घालू नगंस. गाडी पक्की झालीया.” धाकटा भाऊ फौजेत ट्रक चालवून निवृत्त झाला की असं होतं. जगातल्या सगळ्या अडचणींवर त्याच्याकडे एकच उपाय, मोठी गाडी.

आणि अडचण म्हणजे आई. तिला कुंभार्ली घाटात जायचंय. पावसात. मुद्दाम पावसात.

एकदा लिहून ठेवते, म्हणजे पुढे चिडताना आठवेल. माझ्याआधीची एक होती. आठ दिवसांची. आबा-आई मेंढरं घेऊन कोकणात उतरत होते, तेव्हा घाटातच गेली. आबांनी ओढ्याच्या काठाला पुरली, वर दगड रचले. बारसं झालं नव्हतं म्हणून नाव नाही, नुसती ‘थोरली’. आम्ही दोघंच भावंडं असून मला घरात ‘मधली’ म्हणतात ते त्यामुळे. पुढे दर वर्षी दिवाळीनंतर उतरताना आणि पावसाच्या तोंडाला परत चढताना आई तिथं एकेक दगड ठेवायची. मेंढराला घाटातला पाऊस सोसत नाही, म्हणून तो लागायच्या आत आमची माणसं माघारी माळावर. त्यामुळे ती जागा पावसात आईने कधी बघितलेलीच नाही. आबा गेले, मेंढरं विकली, तरी पश्चिमेला काळं झालं की हिचं सुरू: “तिथलं पानी कुनीकडनं जात आसंल गं? तिच्या अंगावरनं का कडंनं?”

मोतीबिंदू काढल्यापासून तर दिवसाआड. “दिसतंय तवर एकदा दावा.”



२३ जुलै, बुध.

गाडी आली. विश्रामबागेतल्या आमच्या गल्लीत वळेना. समोरच्या काकूंची स्कूटर हलवा, भाजीवाल्याचा गाडा हलवा, गुलमोहराची फांदी धरून उभे राहा. सगळी गल्ली गॅलरीत. काकूंनी विचारलं, “कुठं, गोव्याला का?” मी म्हटलं, हो. थोरलीचं गॅलरीतून ओरडून काय सांगणार.

ह्यांनी गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या, टायरवर लाथ मारली आणि जाहीर केलं की मी येत नाही, पाठ. ह्यांची पाठ फक्त माझ्या माहेरच्या कामांना दुखते. कॉलेजात रजा टाकली. कारण ‘घरगुती’. प्राचार्य म्हणाले, “या दिवसांत?” तेवढाच एक शहाणा माणूस भेटला आठवड्यात.

बापूची बायको नागपंचमीला म्हणून आधीच शिराळ्याला माहेरी जाऊन बसलीय. दुसरी शहाणी.

२४ जुलै, गुरु.

आटपाडीपलीकडे, गावी. सकाळी लख्ख ऊन. हवामानवाले म्हणतात आज घाटात उघडीप, उद्यापासून रेड अलर्ट. बापू म्हणाला, आत्ताच निघू. आई चुलीपुढून हलेना.

“आज आवस हाय.”

“आई, उद्यापासून मुसळधार आहे.”

“मग बरंच हाय की. पावसातच जायाचं हाय न्हवं?”

बापू खो खो हसला. मी दिवसभर त्या उघड्या आभाळाकडे बघत धुसफुसत बसले. एवढा चांगला दिवस वाया.

२५ जुलै, शुक्र.

निघालो. आईबरोबर तिची पिशवी, घोंगडं, धपाट्यांचं गाठोडं, आणि घरच्या गादीवरची उशी, कारण गाडीतली उशी “कुनाकुनाची डोकी”. 

विट्याला बापू टायर बघायला उतरला. दाराखालची ती बाहेर येणारी पायरी असते, ती आलीच नव्हती. हा आला. घोटा मुरगळला. बर्फाच्या डोंगरात ट्रक हाकलेला गडी विट्याच्या पेट्रोल पंपावर पडला. डावा पाय, म्हणजे क्लच बंद.

पुढची चालक मी. मी, जिने आमच्या लहान लाल गाडीच्या पलीकडे काही चालवलं नाही. बापू शेजारी पाय वर करून. “आक्का, गियर डाल. आक्का, दब के चल. आक्का, आरशात बघ की गं जरा.” कऱ्हाड येईपर्यंत एवढं ऐकून घेतलं की शेवटी म्हटलं, आता एक शब्द काढलास तर इथंच उतरवीन. नंतर तो नुसता श्वास घ्यायचा, मोठ्याने. ते जास्त वाईट.

गाडीतला संडास आईने नापास केला. “जितं निजायचं तितंच?” म्हणजे दर थोड्या वेळाने आडोसा शोधा, छत्री धरा, गुडघे धरून उठवा. कशासाठी आणलीय एवढी गाडी?

पाटणला देवळाच्या पटांगणात मुक्काम. पाऊस धरला. छताची झडप गळते, बरोबर माझ्या उशीवर. आई घोंगड्यात सुखाने घोरतेय.

२६ जुलै, शनि.

हात दुखतायत, तरी लिहिते, नाहीतर कुणाला खरं वाटणार नाही.

पाटण सोडल्यावर आई पुढच्या सीटवर बसली. “समदी वाट ठावं हाय मला. डोळं बांधून न्हीन.” आणि खरंच, आबांच्या मागे चालून चालून तिला वाट पाठ आहे. कुठं पाणी मिळायचं, कुठं मेंढरं बसवायची, कोणत्या वाडीतली कुत्री वाईट. फक्त ही सगळी वाट कोरडी. कातळ उघडा, गवत वाळलेलं, ओढ्यात नुसते पांढरे गोटे. आता काचेबाहेर हिरवं आणि पाणी, दुसरं काही नाही. तिला ओळखीचं एकही दिसेना. खुणा काय, तर “म्हस बसल्यावानी काळा दगुड.” पावसात सगळेच दगड म्हशीसारखे. “कोरडा वडा.” दर पन्नास पावलांवर पांढराशुभ्र धबधबा. ती गप्प झाली. माझ्या लक्षात आलं, पण मी तेव्हा वायपरवर चिडले होते.

दुपारी वाऱ्याने गाडी हलायला लागली. समोरून येणारा ट्रक दिव्यांवरूनच कळायचा. बापू म्हणाला, कुठंतरी बाजूला घे. तर आईला एकदम आठवलं.

“त्या उतारावरनं घाल खाली. तितं माळ हाय, लय सपाट. आमचा मेंढरांचा वाडा बसायचा तितं, हजारभर मेंढरं मावायची. गाडीचं काय घिऊन बसलाव!”

घातली. का घातली? आई एवढ्या खात्रीने बोलली की आम्ही दोघंही लहान झालो. उतार उतरला, समोर सपाट, हिरवंगार, सुंदर. गाडी सपाटावर आली आणि शांतपणे खाली बसली. पुढची दोन्ही चाकं अर्धी आत. रेस केली, आणखी आत. सगळा माळ म्हणजे चिखलाचं ताट, आणि पलीकडच्या कडेला जो “वडा म्हंजे नुसती रेघ” होता तो तांबडा फेसाळत होता. बघता बघता अलीकडच्या झुडपापर्यंत आला. मग ते झुडूप दिसेना.

बापू लंगडत उतरला. मी आईला पाठुंगळी घेतलं. पोटरीएवढा चिखल, तोंडावर पाऊस, आई कानात, “माज्या चपला ऱ्हायल्या.” मी ओरडले तिच्यावर. आयुष्यात पहिल्यांदा. “मसणात गेल्या तुझ्या चपला!”

वाडीतली माणसं आमचे दिवे बघून आलीच होती. ट्रॅक्टर, दोर, चौघं-पाचजण इरली घेऊन. एक म्हातारा आईकडे बघून म्हणाला, “आवं आजी, ह्या दिवसांत हितं म्हसबी घालत न्हाई आमी.”

आई म्हणाली, “आमी उनाळ्यात यायचो.”

“मग उनाळ्यात यायचं की.”

गाडी निघाली. पुढचा बंपर एका बाजूने लोंबतोय. त्यांच्या शाळेच्या व्हरांड्यात कोरडं बसलोय. त्यांनी चुलीवरचा चहा दिला, तिखट भात दिला. बापू म्हणतो, “आक्का, तसं बघितलं तर ड्रायव्हिंग चांगलं केलंस.”

उद्या परत फिरायचं, मी ठरवलंय. आईला सांगितलं. ती म्हणाली, “तुझ्या मनावर.” एवढं म्हणून भिंतीकडे तोंड करून पडली. आता काय करावं माणसाने.

२७ जुलै, रवि.

अर्थातच परत फिरलो नाही.

सकाळी थोडं उघडलं. घाटाच्या तोंडाशी पोलीस चौकी, एकेरी वाहतूक सोडत होते. एक तरुण पोलीसबाई रेनकोटात चिंब. “ताई, ही येवढी गाडी घिऊन कुटं? सोडते, पर मधी कुटंच थांबायचं न्हाई. वरनं दगडं येत्यात.”

आम्हाला तर थांबायलाच जायचं होतं.

उतरताना उजव्या हाताला, मोठ्या वळणानंतर, म्हशीसारखा दगड, त्याला लागून ओढा, ओढ्यावर उंबर. आई हे जपासारखं म्हणत होती. धुकं एवढं की बॉनेटच्या पुढे काही नाही. दुसऱ्या गियरवर, पांढरी रेघ धरून. बापू खिडकीबाहेर डोकं काढून कडा सांगत होता, “हाय, हाय, दरी हातभर हाय, चल.” मोठं वळण आलं. आणखी एक मोठं वळण आलं. सगळीच मोठी. आई म्हणे, “हे न्हवं. हेबी न्हवं. अजून खाली.”

आणि मग आधी खडे आले, टपटप, गारांसारखे. मला वाटलं गाराच. मग एक झाड, उभंच्या उभं, मुळांसकट घसरत रस्त्यावर येऊन थांबलं. त्याच्यामागून माती, दगड, सगळा डोंगरच. मी ब्रेक दाबला तो दाबूनच राहिले. किती जवळ? लिहायचं नाही मला.

मागे एक जीप होती, ती सुळकन उलटी गेली. आम्हाला वळायला जागा नाही. रिव्हर्स. चढावर, ओल्या रस्त्यावर, ही आगगाडी घेऊन. मागचा कॅमेरा धुक्याने पांढरा. त्यातली बाई मात्र शांतपणे हिंदीत, कृपया पीछे देखिए, कृपया पीछे देखिए. हातात सापडली असती तर दरीत टाकली असती. बापू उतरला. त्या पायावर. गाडीच्या बाजूने पत्र्यावर थापा मारत मागे मागे चालत, पावसात, ओरडत, “येऊ दे! येऊ दे! बस! डावीकडं काप!” वरून अजून खडे येतच होते आणि तो उघडा. एकदा त्याची थाप ऐकू आली नाही. दोन-तीन श्वासच असतील. मग आली. मी मोठ्याने रडत होते हे मला नंतर कळलं.

रुंद जागा मिळाली, गाडी वळवली. बापू आत आला, ओठ निळे, दात वाजत होते. मी चढ चढायला लागले. स्टिअरिंगवरचे हात माझे नव्हतेच, आपोआप थडथडत होते.

थोडं वर आलो आणि आई म्हणाली, “थांब. हितंच हाय.”

थांबवली. धबधबा होता, दगड होता, काळा. झाड होतं. उंबर की काय, पावसात मला कळलं नाही. चढताना जागा डाव्या हाताला यायला हवी होती, ही उजवीकडे होती. मी तसं म्हणाले. बापू म्हणाला, “रस्ता रुंद केलाय गं, समदंच बदललंय.” मी मान डोलावली. मला ते पटायलाच हवं होतं.

आई माझा हात धरून उतरली. मी छत्री धरली, वाऱ्याने उलटी झाली. तिने पदर घेतला, हात जोडले, खाली वाकून बघितलं पाणी कसं जातंय ते. एवढी वर्षं वाट बघून ती तिथं एवढासा वेळ थांबली.

“कडंनं जातंय,” म्हणाली. “तिच्या अंगावरनं न्हाई. बरी हाय ती. चला आता घरला.”

मला एवढं हलकं वाटलं की मी तिला रस्त्यातच मिठी मारली. झालं. एकदाचं झालं. पोलीसबाईने वर चौकीवर आम्हाला थांबवून एवढं झापलं, मी सगळं हसून ऐकून घेतलं.

२८ जुलै, सोम.

कऱ्हाड. बापूला सणकून ताप. डॉक्टर म्हणाले घोट्याच्या हाडाला चीर आहे, प्लास्टर. “या पायावर चाललात?” बापूने माझ्याकडे बघितलं, जसं काही मी हाकललं होतं. आई दवाखान्यातल्या बाकावर त्याचे तळवे चोळत बसली. एक शब्द नाही. थकली असेल.

ह्यांचा फोन: “वायपर नीट चालतायत ना?” फोन ठेवला.

२९ जुलै, मंगळ. नागपंचमी

गावी. आज चिरायचं नाही, तवा ठेवायचा नाही. आईने पुरणाचे दिंड उकडले. बापू प्लास्टर पसरून आठ-नऊ खाऊन गेला, म्हणजे ताप उतरला.

गाडी त्याच्या मित्राने नेऊन दिली. मालकाचा फोन आला, आत एवढा चिखल कसा? मी म्हटलं, मनसोक्त भटकलो.

सांगलीला परत. काकूंनी विचारलं, “कसा होता गोवा?”

१ ऑगस्ट, शुक्र.

कॉलेज. पेपर तपासायचा ढीग. खांदे अजून दुखतायत. रिक्षाने मागे घेताना पीं पीं केलं तरी दचकते. पण आत कुठंतरी बरं वाटतंय. एक काम पार पडलं. आबा असते तर त्यांनाही सांगितलं असतं, पाणी कडेनं जातं म्हणून.

३ ऑगस्ट, रवि.

आईची डोळ्यांत घालायची औषधं द्यायला गावी गेले. बापू शिराळ्याला सासुरवाडीत पाय वर करून पडलाय, सेवा करून घेतोय. टीव्हीवर घाट परत बंद झाल्याचं दाखवत होते. आई सोप्यात शेंगा फोडत होती. मी म्हटलं, “बघितलंस ना एकदाचं? आता तरी सुखाने झोप.”

“काय बघितलं?”

“थोरलीची जागा.”

तिचे हात थांबले नाहीत. “ती न्हवं ती जागा. ती खाली ऱ्हायली. ते झाड आलं न्हवं का रस्त्यावर, त्याच्या पल्याड.”

मला आधी कळलंच नाही. “मग तिथं हात कशाला जोडलेस?”

“मग काय करू? तुजं हात बघितलं मी. त्या चाकावर नुसतं उडत हुतं. त्यो बापू तसला पाय घिऊन पावसात. मी न्हाई म्हनले आसते तर रस्ता मोकळा हुस्तवर थांबला आसता तुमी, आन् परत खाली गेला आसता. गेला आसता का न्हाई?”

गेलो असतो. बापू तर नक्कीच. मी शिव्या देत देत त्याच्यामागून.

“एक ठिवलीया तितं,” ती म्हणाली. “आनि दोगं ठिवून यिऊ व्हय?”

राग आला. एवढा चिखल, एवढी भीती, ते प्लास्टर, आणि ही मला आठवडाभर काही बोलली नाही, मी मूर्खासारखी सगळ्यांना सांगत सुटले पाणी कडेनं जातं म्हणून. आणि रडूही आलं. दोन्ही एकदम आलं, मग मी आत जाऊन चहा टाकला.

चहा घेताना म्हटलं, दिवाळीनंतर नेते, तेव्हा रस्ता मोकळा असतो, तुला सगळ्या खुणा सापडतील. तर म्हणते, “कोरडी जागा मी बघितलीया की गं.”

बापूला सांगितलेलं नाही अजून. सांगितलं तर प्लास्टरसकट दारात गाडी उभी करील. आईने त्याला सांगू नकोस असं काही म्हटलेलं नाही.